मैदानावर रंगावरून, जातीवरून शिवी दिली तर तिथल्या तिथे दंड हवा का?

पार्कचा_पंच
रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी.

गेली १९ वर्षं मी सोलापुरात टेनिस बॉलच्या मॅचना पंच म्हणून उभा राहतोय. पार्क मैदान असो, विडी घरकुल असो, नाहीतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागचं माळरान, मंडळानं बोलावलं की जातो. गेल्या महिन्यात एका मॅचमध्ये जे घडलं ते डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. मंडळाचं, मैदानाचं, पोरांचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांना अंदाज येईल त्यांनीही लिहू नये ही विनंती.

आठ ओव्हरची मॅच, दुपारचे चार, ऊन अजून भाजत होतं. शेवटच्या दोन ओव्हरमध्ये १९ हव्या होत्या आणि नववा बॅट्समन आला. सतरा-अठराचं पोरगं, अंगानं बारीक, रंगानं चांगलंच सावळं. मी लेग अंपायरला होतो. पहिल्या बॉलपासून विकेटकीपर सुरू झाला. "ए काळ्या, जरा दात दाखव बे, बॉलरला दिसंना तू." बॉल पडला की पुन्हा तेच, थोडं बदलून. स्लिपमधला हसला, स्कोअर लिहायला बसलेली मंडळी हसली. खरं सांगतो, मलाही तेव्हा वावगं वाटलं नाही. इतकं ते रोजचं आहे.

ओव्हर संपली. मी बॉलिंग एंडला आलो आणि तो पोरगा नॉन-स्ट्रायकर म्हणून माझ्या शेजारी. मिडऑनचा फील्डर जवळून जाता जाता त्याला जातीवरून एक शब्द बोलला. मोठ्यानं नाही, त्याला आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. पोरगा बॅटच्या टोकानं मुरमावर क्रीजची रेघ पक्की करत होता, ती रेघ अर्ध्यात थांबली. त्यानं त्या फील्डरकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "चला, खेळा, उशीर होतोय."

दुसऱ्याच बॉलला तो नसलेल्या रनसाठी धावत सुटला आणि रनआऊट झाला. टीमच्या मंडपाकडे गेलाच नाही, सायकल काढून सरळ निघून गेला. तेव्हापासून तो खेळायला आलेला नाही. त्याचा कॅप्टन सांगतो, कारखान्यातून सुटला की घर गाठतो.

जानेवारी २०१९ ची गोष्ट आठवत असेल. डर्बनच्या वनडेत पाकिस्तानचा कॅप्टन सरफराज अहमद आफ्रिकेच्या अँडिले फेलुक्वायोला "अबे काले" म्हणाला आणि पुढे त्याच्या आईवर घसरला. स्टम्पच्या माईकमध्ये सगळं आलं. ते कुणाला ऐकू जावं, समजावं असा आपला हेतू नव्हता, असं तो म्हणाला, माफी मागितली, फेलुक्वायोला जाऊन भेटला. तरी आयसीसीनं चार सामने बाहेर बसवलं.

तर प्रश्न असा. आपल्या स्पर्धांत अशा शिवीला तिथल्या तिथे दंड असावा का? असला तर कशावर? शब्दावर, बोलणाऱ्याच्या हेतूवर, की समोरच्याला ते जसं लागलं त्यावर? आणि ठरवणार कोण? डर्बनला माईक होता. इथं फक्त माझे कान आहेत.

साखरपेठकर
रविवार, रात्री १०:५५

पंच सर, तुम्ही मनातलं लिहिलंत हे बरं केलंत. पण जातीचा शब्द आणि 'काळ्या' एकाच दावणीला बांधू नका असं मला वाटतं.

आमचं तेलुगू घर. आजी मला लहानपणापासून 'नल्लोडा' म्हणायची. शेजारी कानडी घर होतं, तिथं मधल्या पोराला 'करिया' म्हणत. गल्लीतल्या मराठी पोरांनी आम्हा दोघांनाही 'काळ्या' करून टाकलं. चार भाषांच्या गावात वाढलेल्या माणसाला रंगावरून नाव पडणं नवं नाही. आजी जाऊन अकरा वर्षं झाली. आज कुणी मागून 'नल्लोडा' अशी हाक मारली तर मी धावत जाईन. आणि ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे तिथं काळा या शब्दालाच गुन्हा ठरवायचं?

एडिनसन कवानीचं प्रकरण बघा. उरुग्वेचा खेळाडू, मँचेस्टर युनायटेडकडून खेळत होता. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यानं दोन गोल मारून मॅच जिंकून दिली. अभिनंदन करणाऱ्या मित्राला त्यानं इन्स्टाग्रामवर "ग्रासियास नेग्रितो" असं उत्तर दिलं. तिकडे ते लाडाचं संबोधन, आपल्या 'काळू'सारखं. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं तीन सामन्यांची बंदी आणि एक लाख पौंड दंड केला. उरुग्वेच्या भाषा-साहित्याच्या राष्ट्रीय अकादमीनं निषेध नोंदवला की तुम्हाला आमची भाषाच कळलेली नाही.

उद्या मी माझ्याच बॉलरला "शाब्बास काळ्या" म्हटलं आणि पंचानं रन कापले तर?

डावा_कोपरा
रविवार, रात्री ११:२०

दादा, मी कबड्डी खेळते. कवानीला झालेली शिक्षा मलाही चुकीची वाटते. पण तुमच्या आजीचा 'नल्लोडा' आणि त्या विकेटकीपरचा 'काळ्या' यांतला फरक ओळखायला पंचाला भाषाशास्त्र लागत नाही. आजीच्या हाकेला तुम्ही धावत जाता. त्या हाकेनं तो पोरगा मैदान सोडून गेला.

नववीत असताना तालुक्याच्या सामन्यात मी रेडला गेले की समोरच्या सातजणी एका सुरात "कोळसा, कोळसा" म्हणायच्या. 'कबड्डी कबड्डी'च्या तालावर. माझा दम तुटायचा, कारण दम धरायला तोंड हलतं ठेवावं लागतं आणि रडू आवरायला ते मिटावं लागतं. पंच बाई शेजारीच होत्या. मॅच झाल्यावर त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला. शिट्टी मात्र वाजवली नाही. मला तेव्हा शिट्टी हवी होती.

कबड्डीत हिरवं, पिवळं, लाल अशी तीन कार्डं असतात. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे त्या सामन्यातून बाद. दोन मिनिटं सात ऐवजी सहाजणींनी खेळायला लागलं असतं तर तो सूर आपोआप बंद झाला असता.

वकील_सात_रस्ता
सोमवार, सकाळी ७:४०

पुरावा या मुद्द्यावर थोडं लिहितो, कारण वाद शेवटी तिथंच येतो.

जानेवारी २००८, सिडनी कसोटी. हरभजन सिंगनं ऑस्ट्रेलियाच्या मिश्रवंशीय अँड्र्यू सायमंड्सला माकड म्हटलं असा आरोप झाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली. अपील न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे अॅडलेडला चाललं. सचिन तेंडुलकरनं साक्ष दिली की शब्द "तेरी माँ की" असे होते. वांशिक शिवीचा आरोप सिद्ध झाला नाही असं न्यायमूर्तींनी ठरवलं आणि अर्वाच्य भाषेबद्दल मॅच फीच्या निम्मा दंड राहिला. त्यांनी निकष लावला होता जवळजवळ फौजदारी खटल्याचा.

आता जॉन टेरी. ऑक्टोबर २०११ मध्ये चेल्सीच्या या कॅप्टननं अँटन फर्डिनांडला वर्णद्वेषी शिवी दिल्याचा आरोप झाला. जुलै २०१२ मध्ये न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं, कारण तिथं संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. दोनच महिन्यांनी फुटबॉल असोसिएशनच्या समितीनं त्याच घटनेवर चार सामन्यांची बंदी आणि २ लाख २० हजार पौंड दंड केला. समितीपुढे एवढंच पाहायचं असतं की पारडं कुठल्या बाजूला झुकतंय. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असू शकतात. तुरुंगात धाडायला जेवढा पुरावा लागतो तेवढा मैदानावरून काढायला लागू नये.

पंच सर, जातीवाचक शिवीचा विषय मात्र खेळाच्या पलीकडे जातो. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांच्या देखत जातीवरून शिवीगाळ करणं हा गुन्हा आहे. तुमच्या घटनेत शब्द फक्त तुम्ही दोघांनी ऐकला, त्यामुळे कोर्टात 'लोकांच्या देखत' यावर वाद होईल. पण मैदानावरच्या दंडाला ती अट नाही. तुम्ही स्वतः ऐकलं, तेवढं पुरेसं आहे. आणि मैदानावर दंड झाला म्हणून त्या मुलाचा किंवा त्याच्या घरच्यांचा पोलिसांकडे जायचा हक्क संपत नाही. "इथंच मिटवा" असा दबाव त्यांच्यावर कुणी आणू नये.

डावा_कोपरा
सोमवार, सकाळी ८:०५

वकील साहेब, हरभजनचं प्रकरण घडलं तेव्हा मी शाळेत होते. घरी-दारी सगळे त्याच्या बाजूनं. आज वाचताना एकच गोष्ट खुपते. बचाव काय होता, तर तो माकड म्हणाला नाही, त्यानं आईवरून शिवी दिली. आणि आपण सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सायमंड्सला त्याआधी ऑक्टोबर २००७ मध्ये वडोदऱ्यात आणि वानखेडेवर प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढून चिडवलं होतं, ते आपल्यापैकी कितीजणांनी मनावर घेतलं?

मुलींच्या मॅचमध्येसुद्धा आईवरून शिव्या चालतात. दंडाचा नियम लिहाल तेव्हा ती शिवी स्वस्तात सोडू नका.

जुना_ओपनर
सोमवार, दुपारी १:३०

मी पार्कवर १९८० च्या दशकात लेदर बॉलनं खेळलोय. कुणाचं मन दुखावलं तर मलाही वाईट वाटतं, पण या दंडाला माझा विरोध आहे आणि तो का, हे नीट सांगतो.

शेवटच्या ओव्हरला सहा हव्यात. नॉन-स्ट्रायकर पंचाकडे येऊन सांगतो, मला जातीवरून बोलला. पंचानं ऐकलेलं नाही. दंड दिला तर पाच रन फुकट, मॅच हातातून गेली. नाही दिला तर पंचच जातीयवादी. दोन्ही मंडळांच्या मागे वॉर्डातली माणसं असतात. स्पर्धा गणपतीच्या वर्गणीतून किंवा कुणाच्या वाढदिवसानिमित्त भरलेली असते. अर्ध्या तासात मैदानावर दोनशे लोक येतील. पंच सर घरी कसे जाणार याचा विचार कुणी केलाय का?

आणि नियम आला की सगळ्यात आधी तो गरिबाच्या टीमवर चालतो. ज्यांच्यामागे कुणी नाही त्यांना पंच बिनधास्त बाहेर काढतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

न्यूजर्सीचा_बाळेकर
सोमवार, रात्री ९:१५ (तुमच्याकडची वेळ)

ओपनर काकांचा शेवटचा मुद्दा इथं अमेरिकेत अगदी असाच निघाला होता, म्हणून लिहितो.

२०१४ च्या सुरुवातीला एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये, एक प्रस्ताव आला. मैदानावर कुणी कृष्णवर्णीयांना हिणवणारा, 'एन'नं सुरू होणारा तो शब्द उच्चारला की पहिल्या वेळी संघाला १५ यार्डांचा दंड, दुसऱ्यांदा खेळाडू बाहेर. पाठपुरावा करत होती फ्रिट्झ पोलार्ड अलायन्स. फ्रिट्झ पोलार्ड हे १९२० च्या दशकातले, एनएफएलमधले पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. संघटनेचे अध्यक्ष जॉन वूटन स्वतः जुने खेळाडू. त्यांच्या पिढीनं तो शब्द मार खाताना ऐकलेला. मैदानावर तो ऐकूच येता कामा नये, कुणाच्याही तोंडून, हे त्यांचं म्हणणं.

विरोध केला तो तरुण कृष्णवर्णीय खेळाडूंनी. तेव्हा एनएफएलमध्ये दोन तृतीयांश खेळाडू कृष्णवर्णीय होते. ते आपसात तो शब्द दोस्तीनं वापरतात. सिअॅटलचा रिचर्ड शर्मन उघड म्हणाला की हा नियमच जवळजवळ वर्णद्वेषी आहे. ज्या शब्दानं आम्हाला हिणवलं, तो आम्ही आपलासा केला, आणि आता त्याचा दंडही आम्हीच भरायचा?

त्याआधीच्या वर्षभरात बरंच घडलं होतं. फिलाडेल्फियाचा गोरा खेळाडू रायली कूपर एका कार्यक्रमात तो शब्द ओरडताना व्हिडिओत सापडला. मायामी संघात जोनाथन मार्टिन हा खेळाडू सहकाऱ्यांच्या छळाला कंटाळून संघ सोडून गेला. चौकशी अहवालात वांशिक शिव्यांचा ढीग निघाला. म्हणजे प्रश्न खरा होता यात वाद नाही.

शेवटी मार्च २०१४ मध्ये लीगच्या समितीनं नवा नियम लिहिला नाही. खेळाला न शोभणाऱ्या वर्तनाचा नियम आधीपासून आहेच, त्यात अपमानास्पद भाषा येते, तोच आता पंचांनी कडकपणे लावावा, असं ठरवलं. मला तेव्हा हा पळपुटेपणा वाटला होता. आज इतका तसा वाटत नाही.

बुधवारपेठी
सोमवार, रात्री १०:४०

शर्मनचं म्हणणं मला आतून कळतं. आम्ही मित्र आपसात जे शब्द वापरतो ते बाहेरच्यानं वापरलेले आम्ही सहन करणार नाही. पंचाकडे शब्दांची यादी दिली तर पहिली शिट्टी आमच्यावरच वाजेल.

आणि यादीतून सुटणारे किती आहेत बघा. मी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत स्लिपला कॅच सोडला. मागून आवाज आला, "कोट्यातला आहे, सोड." यात एकही शिवी नाही. यादीत 'कोटा' हा शब्द कोण घालणार? पण त्या दिवसानंतर मी स्लिपला उभा राहिलो की बॉलकडे बघत नव्हतो, मागं कोण काय बोलतंय ते ऐकत होतो. आणखी दोन कॅच सुटले. कॅप्टननं मला बाऊंड्रीवर पाठवलं. त्याच्या लेखी कारण क्रिकेटचंच होतं.

पळवणकर बाळू आठवा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढणारा दलित बॉलर. पुण्यात त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर दिला जायचा. त्यांना कुणी शिवी दिली नसेलही. भांडंच पुरेसं होतं.

म्हणून पंच सर, यादी नको. कोण कुणाला, कशाबद्दल बोलतोय ते बघा. खेळावरून बोलला तर बोलू द्या. "तुला बॅट धरता येईना" म्हणा, "घरी जा" म्हणा. जन्मावरून बोलला की थांबवा. जात, रंग, धर्म, आई, भाषा, सगळं त्यातच आलं.

साखरपेठकर
सोमवार, रात्री ११:०२

'भाषा' वाचून थांबलो. आम्हा तेलुगू लोकांना सोलापुरात काय काय म्हटलं जातं ते मी पहिल्या प्रतिसादात लिहिलंच नाही. आजीचंच लिहिलं. शाळेच्या टीममध्ये माझ्या मराठी उच्चारांची नक्कल व्हायची, आणि मी स्वतःही ती करून दाखवायचो, म्हणजे टीममध्ये जागा राहायची.

बुधवारपेठी, तुमची जन्मावरची रेघ मला पटली. 'शाब्बास काळ्या'ची माझी भीती तिच्यात बसत नाही, कारण तिथं मी त्याच्या बॉलिंगला दाद देत असतो. आणि तोही जर म्हणाला की मला हे नाव नको, तर मी थांबायला हवं. वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीचं असंच झालं. हैदराबादच्या आयपीएल संघात त्याला 'कालू' म्हणायचे. तो समजायचा की याचा अर्थ तगडा घोडा. अर्थ कळला तो २०२० मध्ये, आणि तो भयंकर चिडला. पुढे एका सहकाऱ्याशी बोलल्यावर, ते प्रेमानं म्हटलं जायचं हे त्यानं मान्य केलं. पण सहा वर्षं ज्याला अर्थच माहीत नव्हता, त्याला ते नाव चालतंय की नाही हे विचारलं कुणी होतं?

मेलबर्नवासी
मंगळवार, सकाळी ६:५०

ओपनर काकांच्या खोट्या तक्रारीच्या भीतीवर इथला एक दाखला.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये १९९३ साली निकी विनमार या आदिवासी खेळाडूनं, प्रेक्षकांच्या शिव्या ऐकून झाल्यावर, जर्सी वर उचलून आपल्या उघड्या कातडीकडे बोट दाखवलं. तो फोटो इथं सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षांनी, १९९५ मध्ये, मायकल लाँग या दुसऱ्या आदिवासी खेळाडूनं समोरच्या खेळाडूबद्दल वांशिक शिवीची तक्रार केली. सुरुवातीचा समेट नुसता देखावा झाला, लाँग समाधानी नव्हता, त्यानं विषय सोडला नाही. त्याच वर्षी लीगनं वांशिक शिवीविरुद्ध नियम केला.

त्या नियमात तक्रार आली की आधी दोघांना समोरासमोर बसवायचं, बंद दाराआड. तिथं मिटलं नाही तर लवादाकडे. याचा परिणाम असा की खोटी तक्रार करणाऱ्यालाही त्या खोलीत बसून समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगावं लागतं. मॅचच्या निकालावर त्याचा परिणाम नाही, त्यामुळे सहा रनांसाठी खोटं बोलण्यात फायदाच उरत नाही.

गड्ड्याची_जत्रा
मंगळवार, सकाळी ९:२५

खेळाडूंचं झालं, प्रेक्षकांचं काय? जानेवारी २०२१ ला सिडनीत मोहम्मद सिराज बाऊंड्रीवरून चालत येऊन अजिंक्य रहाणेला सांगतो की मागून घाण बोलतायत. खेळ थांबला, सहाजणांना स्टँडमधून बाहेर काढलं. अंपायरनी विचारलं, मैदान सोडायचं का. रहाणेनं सांगितलं, आमची काही चूक नाही, आम्ही खेळणार. त्याच दौऱ्यात सिराजचे वडील गेले होते, तो घरी परतला नव्हता. पुढच्या कसोटीत, ब्रिस्बेनला, त्यानं पाच विकेट काढल्या.

आणि ऑगस्ट २०२१ ला टोकियोत हॉकीची सेमीफायनल हरल्यावर वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरापुढे फटाके वाजवून जातीवरून शिव्या दिल्या गेल्या, ते कुठल्या पंचानं थांबवायचं? तिनं त्याच स्पर्धेत आफ्रिकेविरुद्ध हॅट्ट्रिक केली होती.

पार्कचा_पंच
मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. न्यूजर्सीच्या भाऊंनी 'नियम आधीपासून आहेच' असं लिहिलं, तिथं अडकलो. रात्री कपाटातून क्रिकेटच्या नियमांचं पुस्तक काढलं. ऑक्टोबर २०१७ पासूनचा ४२ वा नियम, खेळाडूंचं वर्तन. त्यात चार पातळ्या आहेत. दुसरी पातळी: दुसऱ्या खेळाडूला, पंचाला, प्रेक्षकाला उद्देशून गंभीर अपमान करणारी भाषा. पंचानं टाईम पुकारायचा, कॅप्टनला बोलवायचं, समोरच्या टीमला पाच रन द्यायचे, मॅचनंतर आयोजकांना कळवायचं.

आमच्या स्पर्धेच्या पत्रकात तळाला ओळ होती, "बाकी नियम एमसीसीप्रमाणे." एमसीसी म्हणजे क्रिकेटचे नियम लिहिणारा लंडनचा क्लब, हे पुस्तक त्यांचंच. म्हणजे नियम त्या दिवशी माझ्या खिशात होता. १९ वर्षांत वाईडवरून, नो-बॉलवरून मी कितीतरी वेळा पुस्तक दाखवलंय. हे पान एकदाही उघडलं नाही. कमी पडला तो नियम नव्हता, मी पडलो.

ओपनर काका, तुमची भीती खरी आहे. म्हणून रविवारपासूनच्या स्पर्धेसाठी आयोजकांशी बोलून असं ठरवलं आहे. पंचानं स्वतःच्या कानांनी ऐकलं तर तिथल्या तिथे पाच रन आणि कॅप्टनला ताकीद. तोच खेळाडू पुन्हा बोलला तर त्या मॅचपुरता बाहेर, हे स्पर्धेचा नियम म्हणून वेगळं लिहून घेतलंय. पंचानं ऐकलं नसेल तर स्कोअरला हात लावायचा नाही. मॅच झाल्यावर दोघांना आणि दोन्ही कॅप्टनना बसवायचं, बाहेरचा माणूस आत नको. शब्दांची यादी नाही, जन्मावरून बोलायचं नाही एवढंच. प्रेक्षकांत कुणी बोललं तर खेळ थांबवायचा आणि माणूस मैदानाबाहेर गेल्यावरच सुरू करायचा. हा नियम कुठली टीम कुणाच्या मागं आहे हे बघून लावला जातोय असं दिसलं, तर मला तिथल्या तिथे सांगायचं काम, काका, तुमचं. स्कोअरच्या टेबलाशी तुमच्यासाठी खुर्ची ठेवतो.

जुना_ओपनर
मंगळवार, रात्री १०:१५

येतो. पण पहिल्यांदा पाच रन द्याल तेव्हा हात थरथरू देऊ नका. पोरं तेच बघतात.

डावा_कोपरा
मंगळवार, रात्री १०:२०

सर, तो मुलगा?

पार्कचा_पंच
बुधवार, रात्री ८:४०

आज संध्याकाळी त्याच्या कारखान्यावर गेलो होतो. पाळी सुटायला वेळ होता. मागांचा आवाज एवढा की मालकाला खुणेनंच सांगितलं कुणाला भेटायचंय. तो बाहेर आला, केसांवर सुताचा कापूस. मी म्हणालो, त्या दिवशी माझं चुकलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "सर, तुम्हाला ऐकू आलं होतं का?" इतके दिवस त्याला हेच ठाऊक नव्हतं, की मला ऐकू आलं नाही की मी ऐकून सोडून दिलं.

मी म्हणालो, आलं होतं.

त्यानं मान हलवली. आतून कुणीतरी हाक मारली, सूत तुटलं होतं, तो गेला. रविवारी येतो असं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. नियमाचा कागद त्याच्या हातात दिला, तो त्यानं घडी करून खिशात ठेवला.

टॉसच्या आधी दोन्ही टीमना उभं करून हा कागद वाचून दाखवायचाय. मराठीत मी वाचतो. पहिल्या दिवशीच्या चार टीमपैकी दोन टीममध्ये तेलुगू पोरं जास्त आहेत, एकीत कानडी. कुणी येतंय का?

साखरपेठकर
बुधवार, रात्री ८:५८

तेलुगूत मी वाचतो. सकाळी किती वाजता?

गड्ड्याची_जत्रा
बुधवार, रात्री ९:०३

कानडी मी.

पार्कचा_पंच
बुधवार, रात्री ९:०६

साडेसहाला. उन्हाच्या आत पहिली मॅच संपवायची आहे.